सौद्याच्या वेळेलाच आवाज का तुटतो? एकाच वायरीवरचा फोन आणि पीसी

"दादा, आवाज तुटायलाय बघा पुन्हा."

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानातून सलग नऊ दिवस मला हा फोन येत होता. दुकानाच्या फोनवरून नाही, मुनीमकाकांच्या मोबाइलवरून. वेळही ठरलेली, सकाळी अकरा ते साडेअकरा. हातातलं काम टाकून बाराला मी पोचावं, तर सगळं ठणठणीत. फोन लावून बघावा, तर आवाज खणखणीत. चहा प्यायचा, परत यायचं, दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा मोबाइल वाजायचा.

आधी जोडणी सांगतो, कारण अशी जोडणी आता यार्डात, पतसंस्थेत, दवाखान्यात, जिकडेतिकडे दिसते. दुकानात बारा टेबलं. पूर्वी प्रत्येक टेबलावर दोन वायरी यायच्या, एक ईपीएबीएक्सच्या (ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्सचेंजच्या) एक्स्टेन्शनची आणि एक पीसीच्या लॅनची. जुना ईपीएबीएक्स दोन वेळा दुरुस्त करून थकल्यावर शेठनी आयपी ईपीएबीएक्स बसवला आणि लॅनच्याच वायरीवर फोन आला. स्विचमधून, म्हणजे सगळ्या लॅन वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्यातून, निघालेली वायर फोनच्या मागे जाते, आणि फोनच्याच मागच्या दुसऱ्या पोर्टमधून हातभर वायर पीसीत जाते. फोनच्या पोटात एक छोटा स्विच असतो, त्याच्या जिवावर आवाज आणि डेटा एकाच वायरीवरून चालतात. शेठची दाळ मिल एमआयडीसीत आहे. तिथले पाच फोन याच ईपीएबीएक्सचे एक्स्टेन्शन, इंटरनेटवरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या खासगी बोगद्याने, जोडलेले. शिवाय दुकानातल्या दोन पीसींवर फोनच नाही, हेडफोन लावून सॉफ्टफोन, म्हणजे पीसीवरचंच फोनचं सॉफ्टवेअर, वापरतात.

तक्रार नेमकी काय होती? सौदा चालू असताना शेठ मिलवर फोन लावतात. तुरीचा नमुना समोर असतो, मिलचा माणूस भाव सांगतो, शेठ तो परत म्हणून खात्री करतात. मिलवाल्याला नुसतं "...शे" ऐकू येतं. दोनशे की आठशे? क्विंटलमागे सहाशेचा घोटाळा, तोही भर सौद्यात. शेठचा पारा चढला यात नवल नाही.

मी जायच्या आधी तिथे काय काय करून झालं होतं तेही लिहितो, कारण सगळीकडे हेच करतात. शेठचा फोन बदलला. वायर बदलली. इंटरनेटचा प्लॅन वाढवला, म्हणजे डाउनलोड दुप्पट झाला, अपलोड होता तेवढाच राहिला. आणि रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी उठून राउटर बंद-चालू करायचं. गंमत म्हणजे राउटर बंद-चालू केला की खरंच पाच-सात मिनिटं बरं चालायचं. त्यामुळे सगळ्यांची खात्री झाली होती की राउटरच खराब आहे. राउटर निर्दोष होता, ते पुढे येईलच.

नवव्या दिवशी मी ठरवलं की बोलावल्यावर जायचं नाही, दहालाच जाऊन बसायचं.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारला: तुटका आवाज कुणाला ऐकू येतो? शेठना की मिलवाल्याला? नऊ दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. शेठ म्हणाले, "मला त्याचं सगळं नीट ऐकू येतंय, त्यालाच माझं ऐकू येईना." अर्धं निदान इथेच झालं. फोनचा आवाज दोन वेगळ्या वाटांनी जातो, जायची वाट वेगळी आणि यायची वेगळी. मिलवाल्याला तुटका ऐकू येत असेल, तर दोष दुकानातून मिलकडे जाणाऱ्या वाटेत. म्हणजे दुकानाच्या अपलोडमध्ये, नाहीतर मिलच्या डाउनलोडमध्ये. मिलचं डाउनलोड भरपूर होतं. राहिलं दुकानाचं अपलोड.

दुसरा प्रश्न: दुकानातल्या दुकानात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फोन लावला तर? त्याच वेळी लावून बघितला, काचेसारखा स्वच्छ. म्हणजे स्विच, भिंतीतल्या वायरी, फोन, ईपीएबीएक्स सगळे सुटले. या दोन प्रश्नांना पैसा लागत नाही की यंत्र लागत नाही, तरी लोक आधी फोन बदलतात.

मग मोजणी. एका पीसीवर दोन पिंग (निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवले, एक दुकानातल्याच राउटरला, एक मिलच्या राउटरला, आणि वेळेसकट फाइलीत उतरवायला लावले. पावणेअकराला राउटरचा आकडा १ मिलिसेकंद, मिलचा १४ ते १८. अकरा वाजून सहा मिनिटांनी राउटरचा १ तसाच, आणि मिलचा ४००, मग ७००, मग ११००, मधूनच उत्तरच नाही. टेलिफोनच्या आवाजाला एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. पिंगचा आकडा जाऊन-येऊन असतो हे धरलं, तरी इथे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

आता गुन्हेगार कोण? टेबलाखाली शिरलो. या टेबलांखालचं जग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. धूळ, तुरीचे दाणे, सुतळीचे तुकडे, वायरीला गुंडाळलेली लाल चिकटपट्टी. प्रत्येक फोनच्या मागून पीसीला जाणारी छोटी वायर एकेक करून काढायची आणि पिंगकडे बघायचं. लक्षात ठेवा, पीसीकडची वायर काढायची, स्विचकडून येणारी नाही. ती काढली तर फोनची वीजही जाते, फोन नव्याने चालू होतो आणि तुमची दोन मिनिटं जातात. पहिला पीसी, फरक नाही. दुसरा, नाही. पाचवा मुनीमकाकांचा. वायर काढली आणि मिलचा आकडा ९०० वरून थेट १६ वर आला. परत लावली, अर्ध्या मिनिटात पुन्हा चढायला लागला. तीनदा करून बघितलं.

"माझ्यामुळं व्हायलाय का हे?" काका उठूनच उभे राहिले. "मी तर नुसते फोटो टाकायलो."

फोटोच होते. सौद्याला आलेल्या मालाच्या नमुन्यांचे मोबाइलवर फोटो काढायचे, पोरगा मोबाइल घेऊन आला की काका ते पीसीवरच्या एका फोल्डरमध्ये टाकायचे, आणि तो फोल्डर ऑनलाइन ड्राइव्हशी जोडलेला, म्हणजे परराज्यातल्या खरेदीदारांना लगेच बघता येतात. रोज साठेक फोटो, एकेक चार-चार एमबीचा. २४० एमबी. मोजल्यावर अपलोड निघालं २ एमबीपीएस. हिशेब करा: २४० एमबी म्हणजे, आठाने गुणून, १९२० मेगाबिट, भागिले २, म्हणजे ९६० सेकंद. सोळा मिनिटं लाइन तुडुंब. राउटर बंद-चालू केल्यावर बरं का वाटायचं, तेही कळलं. लाइन परत यायला आणि ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरला पुन्हा प्रयत्न करायला जी पाच-सात मिनिटं लागायची, तेवढाच वेळ फोटो चढायचे थांबलेले असायचे.

इथे बरेच जण म्हणतील की आवाजाला जागाच किती लागते. बरोबर आहे, फारशी लागत नाही. जी.७११ कोडेकचा (आवाजाचे आकडे करायची एक पद्धत) एक कॉल म्हणजे एका दिशेने ६४ केबीपीएसचा आवाज. दर २० मिलिसेकंदाला आवाजाचा एक छोटा तुकडा, म्हणजे एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. प्रत्येकावरचे पत्ते धरले की सुमारे ८० केबीपीएस, व्हीपीएनमध्ये त्याहून थोडं जास्त. सहा कॉल एकदम चालू असले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास. २ एमबीपीएसमध्ये ते आरामात बसतात. अडचण जागेची नाही, रांगेची आहे. फोटो पाठवणारं सॉफ्टवेअर जेवढी लाइन मिळेल तेवढी घेतं, आणि जे मावत नाही ते राउटर किंवा मोडेम आपल्याकडे रांगेत धरून ठेवतो. समजा ही रांग २५६ केबीची आहे. २ एमबीपीएसने ती रिकामी व्हायला एक सेकंदाच्या वर लागतो. शेठच्या आवाजाचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं. ते पोचतं, पण सेकंदभर उशिरा, आणि समोरचा फोन इतका वेळ थांबत नाही. त्याच्याकडे शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा राखीव साठा असतो, त्यात जे आलं नाही ते तो टाकून देतो. तीच ती "...शे".

उपाय करताना लोक एक चूक हमखास करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्विचमध्ये आवाजाला प्राधान्य देऊन मोकळे होतात. स्विचवर रांगच नाही तर प्राधान्य कशाचं? तिथे १०० एमबीपीएस आहे. काही जण राउटरमध्ये प्राधान्य देतात, तरी फरक पडत नाही, कारण राउटर आणि मोडेम यांच्यातली वायरही वेगवान असते. राउटर सगळं पटापट पुढे ढकलतो आणि रांग लागते मोडेममध्ये, जिथे आपलं काही चालत नाही. म्हणून आधी रांग आपल्या राउटरमध्ये ओढून आणायची. ती कशी? राउटरची जाणारी गती मुद्दाम लाइनीपेक्षा थोडी कमी करायची. मोजलेलं अपलोड २ होतं, मी १.७ ठेवलं. प्लॅनवर लिहिलेला आकडा धरू नका, दिवसातून तीन-चार वेळा मोजून जो सगळ्यात कमी येईल तो धरा. त्यानंतरच प्राधान्याला अर्थ येतो. आवाजाचं पॅकेट पुढे, बाकी सगळे मागे.

आता राउटरला आवाजाचं पॅकेट ओळखू यावं लागतं. टेबलावरचा आयपी फोन आपल्या आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपीची (पॅकेटचं प्राधान्य सांगणारी) ४६ नंबरची खूण मारतो, बहुतेक फोनमध्ये ती आधीपासूनच असते. पण पीसीवरच्या सॉफ्टफोनचं तसं नाही. सॉफ्टफोनच्या सेटिंगमध्ये ४६ लिहिलेलं दिसतं, आपण निश्चिंत होतो, आणि विंडोज ते ऐकतच नाही. पॅकेट बाहेर पडतं ते शून्याची खूण घेऊन. विंडोजमध्ये त्या प्रोग्रॅमच्या नावाने वेगळी क्यूओएस पॉलिसी (प्राधान्याचा नियम) करावी लागते, आणि पीसी डोमेनमध्ये (ऑफिसच्या एका सर्व्हरच्या ताब्यात) नसला तर तीही लागू होत नाही, त्यासाठी रजिस्ट्रीत आणखी एक नोंद लागते. दोनच पीसी होते, म्हणून मी त्या भानगडीत पडलो नाही. ईपीएबीएक्समध्ये आवाजासाठी जी यूडीपी पोर्टची, म्हणजे पॅकेटच्या दारांच्या नंबरांची, रेंज दिलेली असते, तीच राउटरला सांगितली: या रेंजमधलं काही आलं की पुढे सोड. बरीच सोपी वाट.

आणि व्हीपीएन. बोगद्यात शिरल्यावर आतल्या पॅकेटची खूणही झाकली जाते आणि पोर्टही. बाहेरून सगळी पॅकेटं सारखीच दिसतात. त्यामुळे निवड बोगद्यात शिरायच्या आधी करायची, नाहीतर आतली खूण बाहेरच्या वेष्टनावर उतरवायची सोय राउटरमध्ये असेल तर ती चालू करायची. पहिल्या दिवशी मी हे विसरलो होतो. सगळं लावून ऐटीत फोन केला तर आवाज तसाच तुटका. शेठ काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

शेवटी काकांच्या मोबाइलमध्ये फोटोचा आकार कमी केला, आणि ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्येच अपलोडला मर्यादा घातली. तुरीचा दाणा दाखवायला चार एमबी लागत नाहीत. खरं सांगायचं तर नुसत्या या दोन गोष्टींनीही निम्मा त्रास गेला असता. पण उद्या दुसरा कुणी दुसऱ्या पीसीवर दुसरं काही चढवायला लागला की पुन्हा तेच, म्हणून राउटरचा बंदोबस्त हवाच. दुसऱ्या दिवशी अकराला काकांनी मुद्दाम जुने मोठे फोटो टाकले, मी मिलला फोन लावला, पिंगचा आकडा ३५ च्या वर गेला नाही. मिलकडच्या राउटरवरही हेच केलं, कारण तिथून उलट दिशेने वजनकाट्याचे कॅमेरे चालू असतात.

एक वायर, दोन गिऱ्हाइकं म्हटल्यावर बाकीही काही कटकटी वारंवार येतात. त्यातल्या मला नेहमी भेटणाऱ्या सांगतो.

अख्खं ऑफिस एकदम बंद. ना फोन, ना बिलिंग, स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकताहेत. याच दुकानात पंधरा दिवसांनी झालं. झाडताना एका पीसीची वायर निघाली, कुणीतरी ती मोकळी दिसली म्हणून जवळच्या भिंतीतल्या खाचेत खोचली. म्हणजे फोनची दोन्ही टोकं स्विचमध्ये. एक पॅकेट गोल फिरतं, वाढत जातं आणि सगळं जाळं गुदमरतं. शोधायचं कसं? स्विचमधल्या वायरी एकेक काढत जायच्या, दिवे शांत झाले की तीच. स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री किंवा लूप अडवायची सोय असेल तर चालू करा, आणि वापरात नसलेल्या भिंतीतल्या खाचा आतूनच तोडून ठेवा.

लाइट गेली आणि आली की पाच-सहा टेबलांवर बिलिंगचं सॉफ्टवेअर बंद पडतं. पीसीला यूपीएस आहे, पीसी चालूच आहे, मग का? कारण पीसीचं नेटवर्क फोनमधून जातं, फोनला वीज पीओई (लॅनच्या वायरीतूनच वीज देणाऱ्या) स्विचमधून मिळते, आणि स्विच साध्या इन्व्हर्टरवर आहे. इन्व्हर्टर बदलतो त्या क्षणात स्विच दचकतो, सगळे फोन बंद होऊन नव्याने चालू होतात, आणि तेवढा वेळ त्यांच्या पाठीमागचे पीसी अधांतरी. लोक बिलिंगवाल्याला शिव्या देतात. स्विच, राउटर, मोडेम आणि ईपीएबीएक्स हे चौघं एका चांगल्या यूपीएसवर हवेत. सगळ्या फोनांना मिळून वीज लागतेच किती, साधा फोन पाच-सहा वॅटच्या वर खात नाही. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देऊ शकतो, वायरीतली घट धरून फोनच्या टोकाला १२.९५ मिळायची हमी असते.

एकच फोन सारखा बंद-चालू होत असेल तर वायर तपासा. स्वस्त लॅन वायरीत वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असतं. पीसी त्यावर वर्षानुवर्षं चालतो म्हणून कुणाला शंका येत नाही, पण पीओईची वीज त्यातून नेली की लांब टोकाला व्होल्टेज पडतं. नखाने किंवा ब्लेडने तार खरवडा, पांढरी निघाली की कळलंच. आणि १०० मीटरच्या वर लॅनची वायर नेऊ नका, मिलच्या गेटवर नेलेली मी पाहिली आहे.

अर्थिंगचा विषय आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, आणि एप्रिल-मेमध्ये अर्थिंग नुसतं नावाला उरतं. नेमका तेव्हाच अवकाळी येतो विजा घेऊन. बीएसएनएलच्या किंवा कुठल्याही तांब्याच्या लाइनीवरून आलेला झटका गेटवेचं (लँडलाइन आयपी ईपीएबीएक्सला जोडणाऱ्या डब्याचं) पोर्ट जाळतो, आणि अर्थिंग नसेल तर तिथून पुढे जातो. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून बघा. २-३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी खड्ड्यात पाणी घाला, मग इलेक्ट्रिशियनला बोलवा. लाइन आत येते तिथे क्रोन मॉड्यूलवर (तारा जोडायच्या पट्टीवर) झटका अडवणारे गॅस ट्यूब बसवा, आणि त्या पट्टीचं अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का ते बघा. वायर छान कॉइल करून पंख्याच्या खिळ्याला अडकवलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे.

जुन्या फोनची बारीक पिन लॅनच्या खाचेत बसते, घुसवू नका. लाइनीवर फोन ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजताना त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. पीसीचं पोर्ट त्यासाठी बनलेलं नाही.

बाहेरचा कॉल उचलला की बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो. हा ३२ चा आकडा ऐकला की मला हायसं वाटतं, कारण निदान फोनवरच होतं. फोन उचलल्यावर एसआयपीमध्ये (आयपी फोनचे कॉल जोडायच्या-तोडायच्या भाषेत) "मिळालं" अशी पोच यायला हवी असते. ती आली नाही की अर्ध्या सेकंदाची ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद वाट बघून यंत्रणा कॉल सोडून देते. पोच येत नाही कारण मध्ये राउटर पत्ते चुकीचे बदलतो. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय मदतीसाठी ठेवलेली असते आणि बहुतेक वेळा तीच घात करते. ती बंद करा, आणि ईपीएबीएक्समध्ये बाहेरचा पत्ता व आतलं नेटवर्क नीट भरा. एकाच बाजूचा आवाज येतो, ही तक्रारही बहुधा इथेच मिटते. बाहेर फोन लागतो, पण थोडा वेळ शांत गेला की बाहेरून येणारा वाजत नाही, असं असेल तर राउटर यूडीपीचं दार लवकर लावून घेतोय. नोंदणीची किंवा कीप-अलाइव्हची (मी अजून आहे असं कळवत राहायची) वेळ ३० सेकंदांच्या आत आणा.

समोरच्याने फोन ठेवला तरी लँडलाइन अडकून राहते, पुढचा कॉल येतच नाही. गेटवेला फोन ठेवल्याचं कळत नाही. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. गेटवे परदेशी सेटिंगवर आला असेल तर तो टोन त्याला ओळखू येत नाही. देश भारत निवडा, तो नसला तर हे आकडे हाताने भरा.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी शेठनी खरं तर हा सगळा खर्च केला होता. फोन वाजला की शेतकऱ्याचं खातं पीसीवर आपोआप उघडायला पाहिजे. टेलिफोन आणि पीसीची ही जुळणी जुनी आहे, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने १९९३ मध्ये टॅपी नावाची सोय आणली ती यासाठीच. बसवली आणि दहातल्या सहा कॉलना खातं उघडेना. बसवून देणारा म्हणे सॉफ्टवेअर नवं घ्या. मी कॉलची नोंद काढून नंबर बघितले. एकाच शेतकऱ्याचा नंबर एका लाइनीवरून पुढे शून्य लावून येतो, दुसरीवरून अधिक ९१ लावून, आणि काकांनी खात्यात लिहिलाय दहा आकडी, मधे एक मोकळी जागा सोडून, वाचायला सोपं म्हणून. यंत्राला हे तीन वेगळे नंबर. जुळणी शेवटच्या दहा आकड्यांवर ठेवली आणि खात्यातल्या मोकळ्या जागा एकदम काढून टाकल्या.

तरी लँडलाइनवरून येणाऱ्यांचं खातं उघडत नव्हतं, कारण नंबरच येत नव्हता. काही एक्सचेंज येणाऱ्याचा नंबर एफएसके पद्धतीने (दोन सुरांच्या अदलाबदलीतून) पाठवतात, काही डीटीएमएफने (बटण दाबल्यावर येतात त्या सुरांतून), तोही घंटी वाजायच्या आधी. गेटवे एफएसकेची वाट बघत बसला होता. डीटीएमएफ निवडलं, लाइनीची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटली की नंबर ऐकायला सुरुवात कर असं सांगितलं, आणि पुढचाच कॉल रेणापूरकडच्या एका शेतकऱ्याचा आला. घंटी पुरती वाजायच्या आत काकांच्या स्क्रीनवर त्याचं नाव, मागची पट्टी, उरलेली उचल, सगळं हजर.

काकांनी स्क्रीनकडे बघितलं, चष्मा वर केला, रिसीव्हर उचलला आणि विचारलं, "हां, कोण बोलायलंय?"